त्या दुपारी लाईट नव्हती

अप्पा,

पेपरात तुमचा फोटो छापून आलाय. खाली लिहिलंय, 'शांत, संयमी, कुटुंबवत्सल'. फोटो तुमच्या निवृत्तीच्या समारंभातला आहे, टाय लावलेला. तो टाय सासूबाईंनी, अव्वांनी, शेजारच्या मास्तरांकडून बांधून आणला होता आणि तुम्ही गळा आवळल्यासारखे बसला होता. लोक येतात, फोटोला हात जोडतात, देवमाणूस होता म्हणतात. मी त्यांच्यापुढं चहा ठेवते आणि गप्प बसते. सासरा म्हणून तुम्ही मला जे दिलं ते जन्मदात्यानंही दिलं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही स्वतःच्या एकुलत्या एका मुलाचा, राजूचा हात मोडला होता, अप्पा. हात मोडल्याचं सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. तिसरा घाव डोक्यावर पडणार होता, हे मात्र आपल्या तिघांनाच माहीत होतं. आता दोघांना.

परवा शोकसभेत तुमच्या खात्यातले एक निवृत्त साहेब उभे राहिले आणि त्यांनी भोकरची गोष्ट सांगितली. तुम्ही तेव्हा पाटबंधारे खात्यात, तिथं नव्यानं बदलून आला होता. तलावात पिण्यापुरतं पाणी उरलेलं, म्हणून तुम्ही पाटाचं गेट बंद केलं. माणसं चालून आली. गेट फिरवायचा लोखंडी दांडा हिसकावून त्यांनी तुम्हाला मारलं, कपाळ फुटलं, टाके पडले. पोलीस नावं विचारायला आले तर तुम्ही म्हणालात, "पिकं वाळायली त्यांची. तहानेला माणूस हाय, त्याच्यावर काय केस करायची?" सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. अव्वा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली नाही. त्या पदराचा काठ दोन बोटांत धरून उलगडत राहिल्या.

हीच गोष्ट ऐकून माझ्या वडिलांनी सोयरीक पक्की केली होती. अहमदपूरला आमच्या कापडाच्या दुकानात, गादीवर बसून मध्यस्थानं ती सांगितली. वडील आत येऊन आईला म्हणाले, "मार खाऊन ज्यानं तक्रार केली न्हाई, त्या माणसाच्या घरात आपल्या पोरीला कोण बोट लावणार?"

बोट लावलं, अप्पा. पहिल्यांदा लावलं ते तुमच्यापासून वीस पावलांवर.

तुमची बदली तेव्हा इस्लापूरकडं होती. नांदेडच्या घरी अव्वा, राजू आणि मी. तुम्ही शनिवारी संध्याकाळी यायचात, सोमवारी पहाटे जायचात. लग्नाला दोन महिने झाले असतील, तुम्ही आम्हा दोघांना सहस्रकुंड दाखवायला बोलावलंत. तुमच्या जीपचा ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि मी हसले. तुम्ही पुढं चालत होता, धबधब्याकडं हात करून राजूला काहीतरी समजावत. राजू मागं आला आणि त्यानं माझ्या कानाखाली ओढली. पाण्याचा आवाजच एवढा होता की मला माझ्या तोंडातून निघालेला आवाज ऐकू आला नाही. मी सावरले तेव्हा तुम्ही वळून आमच्याकडं बघत होता. "चला," म्हणालात, "उशीर व्हायलाय." तुम्ही पाहिलं की नाही, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

त्यानंतर राजूला कारण लागायचं नाही. माहेरी फोन लावला, भाजी गार झाली, शेजारणीशी गॅलरीतून बोलले. तो कंत्राटदाराकडं सुपरवायझर होता. दिवसभर तिथली बोलणी खायची आणि घरी येऊन हात मोकळा करायचा. हात, पट्टा, एकदा इस्त्रीची वायर. श्रुतीच्या वेळी सातव्या महिन्यात त्यानं मला जिन्यावरून ढकललं आणि दवाखान्यात अव्वांनीच सांगितलं, पाय घसरला. घरी आल्यावर अव्वा माझ्या पाठीला हळद-तेल चोळायच्या. त्यांचा हात फार हलका होता. कुठं दाबायचं आणि कुठं नाही ते त्यांना बरोबर कळायचं. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही, हे आता नवल वाटतं.

रविवारी तुम्ही घरी असायचात. तेव्हा तरी तो थांबेल असं मला वाटायचं. थांबला नाही. आतल्या खोलीत दार लावून तो मला मारायचा आणि बाहेर टीव्हीचा आवाज वाढत जायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचे कान.

मग तुम्ही निवृत्त झालात. इस्लापूरची क्वार्टर रिकामी करून, तुमची ती लोखंडी पेटी आणि पाणी मोजायच्या पट्ट्या घेऊन कायमचे घरी आलात. त्याच आठवड्यातली ती दुपार. उन्हाळा होता, लोडशेडिंग होतं, पंखा बंद, टीव्ही बंद. अव्वा श्रुतीला घेऊन देवळात गेल्या होत्या. तुम्ही बाहेर बाजेवर बनियनवर पडला होता. राजू जेवायला आला. माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, अहमदपूरला जाऊ का म्हणून मी विचारलं. एवढंच.

त्यानं लाटण्यानं सुरुवात केली. लाटणं हातातून निसटलं, तेव्हा त्यानं माझे केस मुठीत धरले आणि ओट्याच्या कडेवर माझं तोंड आपटलं. एकदा. दोनदा. दात तुटल्याचं मला दुखण्यावरून नाही कळलं, जिभेवर खड्यासारखं काहीतरी आलं तेव्हा कळलं. मी ओरडत नव्हते. ओरडायची सवय मोडली होती. पण त्या दिवशी घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

तुम्ही दारात आलात. मला तुमचे पाय दिसले आधी, अनवाणी. तुम्ही "राजू" म्हणाला नाहीत, "सोड" म्हणाला नाहीत. खलातला लोखंडी बत्ता उचललात आणि माझ्या केसांत होता त्या हातावर मारलात. बाभळीची वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. राजूनं केस सोडले आणि तुमच्याकडं बघितलं. तो घाबरलेला नव्हता, तो चक्रावलेला होता. "अप्पा?" म्हणाला, लहान पोरानं विचारावं तसं. तुम्ही दुसरा घाव खांद्यावर घातलात. तो भिंतीला टेकून खाली बसला. तुम्ही त्याच्यावर उभे राहिलात आणि बत्ता दोन्ही हातांनी वर नेलात.

अप्पा, तेव्हाचे तुमचे डोळे मी विसरले नाही. त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यात कुणीच नव्हतं. मी उठले, घसरले, पुन्हा उठले आणि तुमच्या मनगटाला लोंबकळले. तुम्ही मला झटकलंत. मी सोडलं नाही. माझ्या तोंडातलं रक्त तुमच्या बनियनवर सांडत होतं. कधीतरी तुम्ही खाली बघितलंत, मला ओळखलंत आणि हात खाली आला.

मग तुम्ही जे केलंत ते आजही मला पुरतं समजलेलं नाही. बत्ता मोरीत धुतलात, पुसून खलात ठेवलात. शर्ट घातलात, बटणं नीट लावलीत. शेजारच्या पोराला रिक्षा आणायला धाडलंत. एकाच रिक्षात आपण तिघं बसलो, मी तोंडाला टॉवेल लावून, तो हात पोटाशी धरून, मधे तुम्ही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो किंचाळायचा आणि तुम्ही रिक्षावाल्याला म्हणायचात, "हळू घे बाबा, पोराला लागायलंय."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "पडले का दोघंही?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "हिला ह्यानं मारलं. ह्याला मी मारलं. दोन्ही लिहा."

त्याचा हात प्लास्टरमध्ये जाईपर्यंत तुम्ही त्याच्या डोक्याशी उभे होता, त्याचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून. तो रडत होता आणि तुम्ही त्याच्या केसांतून हात फिरवत होता. मी बाकावरून बघत होते. त्या क्षणी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा त्याचाही आला नव्हता. वाटलं, झालं, आता बाप-लेक एक होतील आणि मला घरी नेतील.

तुम्ही आम्हाला पोलीस ठाण्यात नेलंत. तिथला जमादार ओळखीचा निघाला. म्हणाला, "साहेब, घरातलं मॅटर हाय, घरातच मिटवा की. पोरगं हाय तुमचं."

"आतापर्यंत घरातच मिटवत आलो," तुम्ही म्हणालात. "लिहून घ्या. आणि त्याचा हात मी मोडला, ते बी लिहा. मागून म्हणायला नको, लपवलं."

घरी आलो तेव्हा दिवे आले होते. अव्वा दारातच बसल्या होत्या, श्रुती मांडीवर झोपलेली. तुम्ही तो तिसरा घाव सोडून सगळं सांगितलंत. मला वाटलं अव्वा मुलासाठी ऊर बडवतील. त्या तुमच्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "मारणं कुठं शिकला ते त्याला इचारलं का? मला इचारा. भोकरला लोकांनी तुमचं डोस्कं फोडलं, त्या दिशी घरी येऊन तुम्ही माझं काय फोडलं, ते सांगा की सुनेला. कालवणात मीठ जास्ती झालं होतं ना? पोरगं दारात हुबं होतं."

तुम्ही बाजेवर बसलात. कपाळावरच्या जुन्या व्रणावर हात गेला आणि तिथंच राहिला.

त्या आठवड्यात एकदा मी तुम्हाला अंगणात गाठलं. माझं तोंड सुजलेलं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. मी विचारलं, "मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?"

तुम्ही म्हणालात, "मी थांबलो. तुझी सासू उदगीरला निघून गेली होती, तीन महिने आली न्हाई. आणायला गेलो तेव्हा तिच्या बापासमोर शपथ घेतली. पुन्हा हात लावला न्हाई."

"हे राजूला कधी सांगितलं?"

"न्हाई."

"आणि माझं? तुम्हाला माहीत होतं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. "सहस्रकुंडला बघितलं होतं," म्हणालात. "रविवारी ऐकू यायचं. मी टीव्ही मोठा करायचो." आणि मग थोड्या वेळानं, आपण होऊन, "त्या दिवशी लाईट नव्हती, महानंदा. लाईट असती तर कदाचित मी उठलो बी नसतो."

हे वाक्य तुम्ही मला सांगायला नको होतं असं मला कितीतरी वेळा वाटलं. आणि कितीतरी वेळा वाटलं, ते सांगितलंत म्हणूनच मी त्या घरात राहिले. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या आसऱ्याला मी राहिले नसते. माझा भाऊ न्यायला आला होता. म्हणाला, "चल, लोकं काय म्हणतील, सासऱ्यानं पोराला पोलिसात दिलं." मी गेले नाही. पण खरं सांगते, पुढं वर्षभर मी रात्री खोलीला आतून कडी लावून झोपायचे, आणि ती राजूसाठी नव्हती. तो जामिनावर सुटून लातूरला निघून गेला होता. ती तुमच्यासाठी होती. तुम्हाला कडीचा आवाज ऐकू जायचा. एक दिवस सुताराला बोलावून तुम्ही ती कडी बदलून घेतलीत, जाड, पक्की.

कोर्टात तुम्ही साक्षीला उभे राहिलात तो दिवस. राजूच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही स्वतः मुलाचा हात मोडला. म्हणजे तुम्हीच हिंसक आहात, हे खरं ना?"

"हाव. खरं हाय."

"तरी सुनेच्या बाजूनं सांगताय?"

"बाजू-बिजू न्हाई. दिसलं ते सांगायलोय."

बाहेर व्हरांड्यात राजू तुमच्यासमोर आला आणि तुमच्या तोंडावर थुंकला. आजूबाजूचे वकील, पक्षकार, सगळे थबकले. तुमची मूठ वळलेली मी पाहिली. मग ती मूठ तुम्ही खिशात घातलीत आणि दुसऱ्या हातानं रुमाल काढून तोंड पुसलंत. मला म्हणालात, "तुला भूक लागली असंल. चल, काहीतरी खाऊ." समोरच्या गाड्यावर आपण भजी खाल्ली. तुम्ही एकच भजं चिवडत बसला होता आणि बाकीची माझ्या पुढ्यात सरकवत होता, "घे, गरम हाय."

कोर्टात व्हायचं ते झालं. तो तुरुंगात गेला नाही. फारकत झाली, आणि फारकत झालेली सून सासरीच राहिली. भाऊबंदांना ते पटलं नाही. लग्नाकार्याला बोलावणी येईनात. अव्वा तुमच्याशी बोलत नव्हत्या. सात-आठ वर्षं, समोरासमोर बसून श्रुतीमार्फत निरोप. "तुझ्या अप्पाला सांग, जेवण वाढलंय." "तुझ्या अव्वाला सांग, भाकरी कडक झाली." ती पोर दोघांच्या मधे मान वळवून वळवून हसायची. तुम्ही मला बी.एड.ला घातलंत. परीक्षेच्या दिवसांत अव्वांनी स्वयंपाकघराला पाठ फिरवली, तेव्हा तुम्ही भाकरी थापायला बसलात. इतकी वर्षं धरणांच्या भिंती उभ्या केल्या त्या हातांतून भाकरी काही गोल निघाली नाही. तुम्ही ती चारी बाजूंनी कापून चौकोनी केलीत आणि म्हणालात, "आता माप बरोबर हाय." त्या घरात कित्येक महिन्यांनी मी हसले ती तेव्हा.

आणि श्रुती. ती हट्टाला पेटायची, वस्तू फेकायची, तुमची चष्म्याची काडी मोडायची. तुम्ही लगेच दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचात. हातांवर स्वतःचं वजन टाकून. तिला वाटायचं हा खेळ आहे, तीही तशीच तुमच्या शेजारी बसायची. मला माहीत होतं तो खेळ नव्हता. तुम्हाला स्वतःची भीती वाटत होती. ती भीती तुम्ही मरेपर्यंत सांभाळलीत, आणि अप्पा, शांत स्वभाव म्हणून लोक ज्याला हात जोडतायत ते खरं तर हे आहे. ज्याच्या अंगात आग नाही त्याचं शांत असणं वेगळं. तुम्ही रोज सकाळी उठून शांत व्हायचात.

शेवटचं भांडण राहिलं आपलं. बाथरूममध्ये पडून तुमचं खुब्याचं हाड मोडलं, मग किडन्या गेल्या, तुम्ही अंथरुणाला खिळलात. एक दिवस म्हणालात, "राजूला बोलव."

मी म्हणाले, "दवाखान्यात भेटा. ह्या घरात नको."

"घर माझं हाय."

"तुमचंच हाय. तो आत आला की मी बाहेर जाते."

तुम्ही माझ्या हातातली पेजेची वाटी घेतलीत आणि भिंतीवर फेकलीत. पंच्याऐंशी पार केलेला, स्वतःहून कूस बदलू न शकणारा माणूस, आणि वाटीला पोचा पडला. गरम पेज माझ्या दंडावर उडाली. आपण दोघंही त्या ओल्या भिंतीकडं बघत राहिलो. मग तुम्ही तोंडावर हात घेऊन रडलात. मी भिंत पुसली, दुसरी वाटी आणली, भरवली. सकाळी तुम्ही म्हणालात, "राहू दे. नको बोलवू." पण त्यानंतर दारात कुणी आलं की तुमची मान वळायची.

मी माझं म्हणणं मागं घेतलेलं नाही. बापाला मुलगा भेटायला हवा होता, हे मला मान्य आहे. त्यासाठी मी पुन्हा त्या ओट्याशी उभं राहायला हवं होतं, हे मान्य नाही. तुम्ही असता तर आपण अजून भांडलो असतो.

तुम्ही गेलात तेव्हा श्रुती तुमची दाढी करत होती. हैदराबादहून सुट्टी घेऊन आली होती. एका गालाला साबण तसाच. तिनं आधी दुसरा गाल पुरा केला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि मग मला हाक मारली.

राजूला मीच कळवलं. तो लातूरहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला, सरळ रुद्रभूमीवर, आपल्यात माती देतात तिथं. तुम्हाला खड्ड्यात बसवलं होतं, अंगभर भस्म, डाव्या तळहातावर लिंग, डोक्यावर बेल. स्वामींचे मंत्र झाले होते. पहिली माती श्रुतीनं टाकायची असं अव्वांनी ठरवलं होतं. ती ओंजळ भरून पुढं झाली, तोच राजू गर्दी सारत आला. म्हाताराच झालाय तोही. केस पिकलेत, तुम्ही मोडलेला हात कोपरात अजून सरळ होत नाही. "लेक जिवंत हाय अजून!" तो ओरडला. "ह्या बाईला कुणी हुबं केलं इथं?" आणि त्यानं मला दंडाला धरून मागं फेकलं. मी मातीच्या ढिगावर पडले. श्रुतीनं त्याच्या छातीला दोन्ही हात लावून ढकललं. तिच्या ओंजळीतली माती त्याच्या पांढऱ्या शर्टावर. त्यानं तिच्या तोंडात मारली. इतकी जोरात की तिचा चष्मा उडून खाली तुमच्या मांडीवर पडला.

पुरुष चिक्कार होते तिथं, अप्पा. पेपरात श्रद्धांजली देणारेही होते. सगळे म्हणत होते, "राजू, राजू, आरं मयताचं ठिकाण हाय."

अव्वा प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठल्या. काठी खुर्चीलाच राहिली. त्या चालत गेल्या, राजूच्या आणि श्रुतीच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या छातीपर्यंतही पोचत नाही.

"मारणारा एक आत बसवलाय," त्या म्हणाल्या. "शेजारी तुझ्यासाठी बी उकरायला लावू?"

राजूचा हात अजून वर होता. "अव्वा, त्यानं माझा हात मोडला. बापानं."

"माझं काय काय मोडलं ते मोजलं का कुणी? तू तर दारात हुबा राहून बघत होतास."

राजूचा हात खाली आला. तो तिथंच उकिडवा बसला, खड्ड्याच्या कडेला, आणि तुमच्याकडं बघत राहिला. कुणी त्याला जवळ घेतलं नाही. श्रुती खड्ड्यात उतरली, तुमच्या मांडीवरचा चष्मा उचलला, वर येऊन पुन्हा ओंजळ भरली आणि पहिली माती टाकली. मग मी. मग अव्वांनी राजूकडं न बघता म्हटलं, "टाक आता. बाप हाय तुझा." त्यानं टाकली. डाव्या हातानं.

श्रुतीचा गाल सुजला होता. ती म्हणाली, "आई, मी तक्रार देणार आहे." मला वाटलं, आज नको, आज तुझ्या आजोबांचा दिवस आहे. मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाल्या, "मी बी येते."

तर अप्पा, तुम्हाला माती देऊन आम्ही तिघी थेट पोलीस ठाण्यात गेलो. अंगावर तेच कपडे, नखांत माती. टेबलापाशी एक तरुण हवालदार होता. श्रुतीनं तिचं सांगितलं, मी माझं सांगितलं. मग तो अव्वांना म्हणाला, "आजी, तुम्ही काय बघितलं ते सांगा."

अव्वांनी सुरुवात राजूपासून केलीच नाही. त्यांनी सुरुवात केली लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यापासून. तुम्ही त्यांच्या हातावर तापलेला चिमटा कसा ठेवलात, इथून. मग औराद, मग भोकर. कुठल्या गावी कोणती क्वार्टर, कुठल्या खोलीत, कशानं. पोटातलं पहिलं मूल कसं गेलं. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. भोकरची एक संध्याकाळ सोडली तर इतक्या वर्षांत त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

हवालदार अवघडला. "आजी," तो म्हणाला, "ते तर आज वारले ना? त्यांच्यावर आता गुन्हा नोंदवता येत नाही."

"नोंदवू नको बाबा," अव्वा म्हणाल्या. "ऐकून तर घे."

त्यानं पेन खाली ठेवलं. अव्वा बोलत राहिल्या, आवाज न चढवता, पीठ चाळल्यासारख्या. श्रुतीनं त्यांचा हात धरला होता. मी ऐकत होते, अप्पा, सगळं ऐकलं, एकही गोष्ट सोडली नाही. आणि ऐकता ऐकता तुमच्यासाठी मला रडू आलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.